बाल्कनीतून धुरकट दिसणारा पडदा: कोकणातील एका चित्रपटगृहाचे प्रकरण

दक्षिण कोकणातील एका बंदराच्या गावी, बाजारपेठेच्या टोकाला असलेल्या एकपडदा चित्रपटगृहाचे हे प्रकरण आहे. सत्तरच्या दशकात बांधलेले, खाली स्टॉल आणि वर बाल्कनी असलेले, मंगलोरी कौलांचे हे थेटर अनेक वर्षे 35 मिलिमीटरच्या दोन यंत्रांवर चालले. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या नाझ बिल्डिंगमधील वितरकाकडून रिळांच्या पेट्या एसटीच्या टपावरून येत आणि पुढे 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर त्यांतल्या काही गाडीनेही येऊ लागल्या. अडीच तासांच्या चित्रपटाची फिल्म मिनिटाला 90 फूट या वेगाने 13,500 फूट भरते, म्हणजे दोन-दोन हजार फुटांची सात रिळे होतात. मोठ्या शहरांत आठवडेच्या आठवडे चालून झाल्यावरच ती या गावाच्या वाट्याला येत, आणि तोवर त्यांच्यावर उभ्या रेघांचा पाऊस पडू लागलेला असे.

2012 च्या सुमारास हे थेटर डिजिटल झाले. छपरावर उपग्रहाची तबकडी बसली, केबिनमध्ये सर्व्हर आणि प्रोजेक्टर आला, आणि मुंबईत शुक्रवारी लागणारा चित्रपट त्याच शुक्रवारी येथे लागू लागला. मालकांच्या दृष्टीने हा लाभ इतका मोठा होता की चित्र कसे दिसते याची चौकशी पहिली काही वर्षे कोणी केलीच नाही. बसवलेली यंत्रणा हॉलिवूडच्या स्टुडिओंनी 2002 मध्ये स्थापन केलेल्या 'डिजिटल सिनेमा इनिशिएटिव्ह्ज'च्या, म्हणजे डीसीआयच्या, मानकाची नव्हती. ते मानक 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात 2के म्हणजे 2048 गुणिले 1080 आणि 4के म्हणजे 4096 गुणिले 2160 पिक्सेल ठरले असून प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे, रंगाच्या प्रत्येक घटकाला 12 बिट देऊन साठवली जाते. आपल्याकडील लहान गावांना तो खर्च झेपणारा नसल्याने ई-सिनेमा नावाचा स्वस्त मार्ग निघाला, ज्यात चित्र अधिक दाबून पाठवले जाते आणि प्रोजेक्टरही साधा चालतो. या थेटरात 1920 गुणिले 1080 पिक्सेलचा, म्हणजे जवळपास 2केचाच, कागदोपत्री 10,000 ल्युमेन उजेडाचा प्रोजेक्टर होता.

पाच-सहा वर्षांनी तक्रारी सुरू झाल्या. गणपतीला आलेले चाकरमानी मुंबईच्या मल्टिप्लेक्सशी तुलना करणारच, हे मालकांनी गृहीत धरले होते. पण गावातलेच नेहमीचे प्रेक्षक 'चित्र धुरकट दिसता' म्हणू लागले, आणि त्याहून झोंबणारे म्हणजे 'रिळाचा पिक्चर यापेक्षा बरा होता' असेही म्हणू लागले. यंत्रसामग्री पुरवणाऱ्याने तत्काळ निदान केले: पिक्सेल कमी पडतात, 4के घ्या. मालक बयाणा देण्याच्या बेतात होते. त्याआधी एकदा पाहून जा, असा निरोप आला म्हणून मी गेलो.

पाहणीतली पहिली गोष्ट म्हणजे तक्रार नेमकी कोण करतो. डोअरकीपरला विचारले तेव्हा त्याने क्षणाचाही विचार न करता 'बाल्कनीवाले' असे सांगितले. स्टॉलमध्ये बसणारे उकाड्याबद्दल बोलतात, खुर्च्यांबद्दल बोलतात, चित्राबद्दल क्वचितच. पिक्सेल कमी पडत असते तर हे उलटे असायला हवे होते, कारण पिक्सेल दिसतो तो जवळून.

याचा हिशेब सोपा आहे. पडदा 32 फूट रुंद. स्कोप, म्हणजे जास्त रुंद पट्टीच्या, चित्राचे रुंदी-उंचीचे प्रमाण 2.39 असल्यामुळे चित्राची उंची साधारण साडेतेरा फूट होते, आणि प्रोजेक्टरच्या 1080 आडव्या ओळींपैकी 803 ओळीच वापरल्या जातात. बाकीच्या वर-खाली काळ्या राहतात. पडद्यावरचा एक पिक्सेल 5 मिलिमीटरचा पडतो. निरोगी डोळ्याला साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो असे धरले, तर असा पिक्सेल 57 फुटांपलीकडे सुटा दिसू शकत नाही. बाल्कनीची पहिली रांग पडद्यापासून 62 फुटांवर आहे आणि शेवटची 80 वर. म्हणजे बाल्कनीतल्या कोणत्याही खुर्चीवरून 2के आणि 4के यांत पिक्सेलच्या संख्येमुळे फरक जाणवण्याचे कारण नव्हते. उलट स्टॉलची पहिली रांग 18 फुटांवर असल्याने तेथे प्रत्येक पिक्सेल डोळ्याच्या मर्यादेच्या तिप्पट मोठा दिसतो आणि पाट्यांच्या अक्षरांना पायऱ्या पडलेल्या कोणालाही दिसाव्यात. तेथे बसणारे मात्र गप्प होते. मालकांपुढे हा हिशेब मांडल्यावर बयाणा तेवढ्यापुरता थांबला.

राहिला प्रश्न रिळाच्या आठवणीचा. फिल्मवर पिक्सेल नसतात, त्यामुळे तिची तीक्ष्णता अमर्याद असते, अशी समजूत अजूनही सरसकट आढळते आणि ती अर्धीच खरी आहे. कॅमेऱ्यातून निघालेल्या 35 मिलिमीटर निगेटिव्हमध्ये 4के स्कॅन करण्याइतका तपशील असू शकतो, याबद्दल वाद नाही. परंतु थेटरात निगेटिव्ह चालत नाही. निगेटिव्हवरून इंटरपॉझिटिव्ह, त्यावरून ड्यूप निगेटिव्ह आणि त्यावरून शेकडो प्रती अशा पिढ्या उतरतात आणि प्रत्येक पिढीत तपशील थोडा थोडा झिजतो. त्यात प्रोजेक्टरच्या गेटमधून, म्हणजे दिव्यासमोरच्या खिडकीतून, फिल्म सेकंदाला 24 वेळा ओढली जाते, थांबते, पुन्हा ओढली जाते. ती दर वेळी अगदी त्याच जागी थांबत नाही. स्कोपची चौकट सुमारे 21 मिलिमीटर रुंद असते, म्हणजे या पडद्यावर ती 465 पट मोठी होते. गेटमध्ये मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाची थरथर झाली तरी पडद्यावर चित्र 9 मिलिमीटर हलते, जवळजवळ दोन पिक्सेल. 2000 च्या दशकाच्या सुरुवातीला इंटरनॅशनल टेलिकम्युनिकेशन युनियनसाठी प्रत्यक्ष थेटरांत, चालत्या प्रतींवर चाचण्या झाल्या, तेव्हा प्रेक्षकांना चित्राच्या उंचीत 900 ओळींहूनही कमी ओळखता आल्या. आणि त्या काही आठवडे घासून कोकणात पोचलेल्या प्रती नव्हत्या.

मग प्रेक्षकांना रिळाचा पिक्चर बरा का वाटत होता? स्मरणरंजन म्हणून ते झटकून टाकणे सोयीचे होते, पण निम्मे गाव एकच गोष्ट सांगत असेल तर तपासून पाहावी, हे बरे. सुदैवाने जुन्या यंत्रांपैकी एक केबिनमध्ये शाबूत होते. ऑपरेटर गेली तीसहून अधिक वर्षे याच केबिनमध्ये काम करत होते. मालकही त्यांना 'अहो काका' असेच म्हणत. काकांनी त्या यंत्राला दर दसऱ्याला तेलपाणी करून ठेवले होते, झेनॉन लॅम्प जपून ठेवला होता, आणि पत्र्याच्या डब्यात जुन्या ट्रेलरचे एक रीळही होते. सकाळच्या वेळी, खेळ नसताना, ते रीळ आणि डिजिटलवरचा एक ट्रेलर आम्ही पाठोपाठ चालवले. मालक, डोअरकीपर आणि कॅन्टीनवाले बाल्कनीत बसले होते.

तिघांनीही रीळ जास्त स्पष्ट असल्याचा निर्वाळा दिला. ट्रेलरवर रेघा होत्या, चित्र किंचित डोलत होते, जोड आला तेथे उडी बसत होती, तरीही. नंतर त्यांना स्टेजवर, पडद्यापासून दहा फुटांवर उभे केले आणि दोन्ही पुन्हा दाखवले. तेथून डिजिटलच्या पाट्यांची अक्षरे धारदार होती आणि रिळाची कडेने विरघळलेली. म्हणजे तपशील डिजिटलमध्येच अधिक होता. तो बाल्कनीपर्यंत पोचत नव्हता. या दोन निरीक्षणांत प्रकरणाचा गाभा आला असे मी मानतो, आणि पुढचे सारे काम फक्त तपशील वाटेत कोठे हरवतो हे शोधण्याचे होते.

लक्समीटर, म्हणजे पृष्ठभागावर पडणारा उजेड लक्समध्ये मोजणारे उपकरण, पडद्याच्या मध्यावर धरला. पूर्ण पांढरे चित्र टाकल्यावर 74 लक्स भरले. डीसीआयच्या मानकानुसार पडद्याच्या मध्यावर दर चौरस मीटरला 48 कॅंडेला, म्हणजे जुन्या एककात 14 फूट-लॅंबर्ट इतकी उज्ज्वलता (पडद्यावरून परत येणारा उजेड) हवी. मॅट पांढऱ्या पडद्यावर त्यासाठी सुमारे 150 लक्स उजेड पडावा लागतो. येथे निम्माच पडत होता, आणि पडदा पिवळा पडलेला असल्याने परत येणारा त्याहूनही कमी होता. माझ्या अंदाजाने 18 कॅंडेलाच्या आसपास. रिळाच्या यंत्राचे गेट फिल्मशिवाय उघडे ठेवून पाहिले तर 110 लक्स. फिल्मसाठी जुने मानक उघड्या गेटला 16 फूट-लॅंबर्टचे, तेव्हा तेही कमीच. पण डिजिटलहून दीडपट.

उजेड कमी झाला की डोळ्याची बारकावे टिपण्याची शक्ती घटते, रंग फिके वाटतात आणि काळा-पांढरा भेद पुसट होतो. प्रेक्षक याला अंधुक म्हणत नाही, कारण काळोख्या हॉलमध्ये डोळा सरावतो आणि अंधुकपणाची जाणीव पाच मिनिटांत जाते. तो धुरकट म्हणतो. पुरवठादाराने धुरकट हा शब्द ऐकला आणि पिक्सेल मोजले.

उजेड गेला कोठे, याची उत्तरे एकाहून अधिक निघाली. लॅम्प त्याच्या नेमून दिलेल्या तासांपलीकडे चालवला जात होता. झेनॉन लॅम्प जुना होत जातो तसा त्याचा उजेड निम्म्यापर्यंत उतरू शकतो, आणि तो इतका सावकाश उतरतो की रोज पाहणाऱ्याला कळत नाही. रिळाच्या काळी ऑपरेटरला दर वीस मिनिटांनी एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातल्या ठिपक्याकडे डोळे लावून बसावे लागे, तेव्हा फोकस आणि उजेड आपोआप नजरेखालून जात. आता सर्व्हर ठरल्या वेळी खेळ स्वतः सुरू करतो आणि काका त्या वेळी खाली तिकीटखिडकीवर असतात. हा काकांचा दोष नव्हे, त्यांना तेथे मालकांनीच बसवले होते.

दुसरे कारण खास किनाऱ्याचे होते. केबिन आणि हॉल यांच्यामधल्या भिंतीत प्रोजेक्टरसमोर काचेची खिडकी असते. रिळाच्या यंत्रांच्या खिडक्यांना येथे काचच नव्हती, फक्त आग लागल्यास खाली पडणारी लोखंडी झडप होती, आणि लॅम्पहाउसच्या उष्णतेने केबिन भर पावसाळ्यातही कोरडी खडखडीत राहत असे. डिजिटल आल्यावर केबिनला एसी बसला आणि तो टिकावा म्हणून खिडकीत साध्या काचेचे दोन थर, मध्ये पोकळी ठेवून लावले गेले. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग 4 टक्के उजेड परतवतो. चार पृष्ठभागांवर मिळून 15 टक्के तेथेच गेले. शिवाय केबिनच्या थंडीने गार पडलेल्या काचेवर हॉलमधली दमट हवा घाम धरते, तो वाळतो, आणि खाडीवरून येणाऱ्या हवेतले मीठ तेवढे मागे राहते. हॉलच्या बाजूने, शिडीवर चढून त्या काचेवरून बोट फिरवले तेव्हा बोटाला चिकट, करडा लेप लागला आणि काचेवर बोटाची स्वच्छ वाट उमटली. आतल्या बाजूने काका रोज फडके मारत होते. बाहेरच्या बाजूला कोणी कधी पोचले नव्हते, कारण तेथे पोचायला बाल्कनीच्या खुर्च्यांवर शिडी उभी करावी लागते. असा लेप उजेड केवळ अडवत नाही, तर विखरून टाकतो, आणि विखुरलेला उजेड चित्रातल्या काळ्या भागांवर पसरून सगळ्यावर पातळ पांढरा पडदा ओढल्यासारखे करतो. लेन्सच्या कडेला बुरशीची जाळीही धरू लागली होती. पहिल्या खेळाआधी यंत्राला ओवाळलेल्या उदबत्तीचाही त्या काचेच्या आतल्या बाजूला थोडा वाटा असावा, पण ती बंद करा म्हणण्याचे धाडस मी केले नाही. लेन्सपासून चार हात दूर लावावी एवढे सुचवले.

तिसरे कारण मात्र खरोखर पिक्सेलशी संबंधित निघाले, आणि तेही पुरवठादाराने सांगितलेल्या अर्थाने नव्हे. केबिन बाल्कनीच्याही वर असल्याने प्रोजेक्टर खाली झुकवून बसवला होता. त्यामुळे चित्र खालच्या बाजूला रुंद होऊन कललेले दिसते. रिळाच्या काळी याचा उपाय कानशीने होत असे: गेटमधली पितळी पट्टी ऑपरेटर पडद्याकडे बघत बघत अशी घासे की कललेल्या कडा कापल्या जाऊन चौकट सरळ दिसावी. काकांनी घासलेली ती पट्टी अजून यंत्रात होती. डिजिटल बसवणाऱ्याने त्याऐवजी प्रोजेक्टरच्या मेन्यूतील कीस्टोन दुरुस्ती चालू केली होती. या दुरुस्तीत प्रोजेक्टर चित्राचे पिक्सेल नव्याने मोजून आक्रसतो, आणि मूळचा एक पिक्सेल प्रोजेक्टरमधल्या चित्र घडवणाऱ्या चिपच्या एका पिक्सेलवर न पडता दोन-तीन शेजाऱ्यांत वाटला जातो. एक काळी, एक पांढरी अशा एकेका पिक्सेलच्या उभ्या रेघांचे चाचणीचित्र टाकल्यावर पडद्यावर रेघांच्या जागी करड्या रंगाचे रुंद पट्टे दिसले. 4केचा प्रोजेक्टर त्याच जागी, तसाच झुकवून बसवला असता तर तोही हेच करता, फक्त अधिक पिक्सेलवर.

हॉलकडे येतो. प्रोजेक्टर झाकून, दिवे मालवून पडद्यापाशी मोजले तरी 1 लक्स उजेड होता. डिजिटल झाल्याच्या आनंदात भिंतींना मलईच्या रंगाचा ऑइलपेंट दिला होता, बाहेर जाण्याच्या पाट्यांचे दिवे उघडे होते, आणि बाजूच्या दारांच्या फटींतून दुपारच्या खेळाला ऊन आत येत होते. ज्या पडद्यावर पांढरा 75 लक्सचा आणि काळा 1 लक्सचा, तेथे प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात काळ्या-पांढऱ्याचे प्रमाण कितीही हजारांत छापलेले असो, ते पंचाहत्तरास एकच्या वर जाऊ शकत नाही. त्या माहितीपत्रकाची प्रत मालकांनी फ्रेम करून ऑफिसात लावली होती, हे जाता जाता नोंदवतो.

उपाय ठरवताना एक वाद झाला. पुरवठादाराने 4के नको तर उजेड वाढवणारा चंदेरी पडदा घ्या, असा दुसरा प्रस्ताव पुढे केला. असा पडदा उजेड निर्माण करत नाही, तो फक्त एका दिशेला गोळा करून देतो, बऱ्याच अंशी आरशासारखा. येथे उजेड वरून, तिरका येतो. तो परतणार खाली, स्टॉलच्या दिशेने. तक्रार करणारी बाल्कनी तशीच अंधारात राहिली असती आणि मधल्या खुर्च्यांना पडद्याच्या मध्यावर चकाकणारा डाग दिसला असता. म्हणून मॅट पांढरा, छिद्रांचा साधा पडदाच घ्यायचे ठरले. मालकांना तो स्वस्त असल्यामुळेच आधी संशयास्पद वाटला.

बाकीचे काम सुताराचे आणि रंगाऱ्याचे होते. दुहेरी काच काढून परावर्तन रोखणारा लेप असलेली एकच ऑप्टिकल काच किंचित कलती बसवली, आणि ती हॉलच्या बाजूने पुसता यावी म्हणून बिजागरीची चौकट केली. प्रोजेक्टरचा स्टॅंड बदलून तो जवळजवळ समतल ठेवला आणि चित्र खाली आणण्यासाठी लेन्स सरकवण्याची सोय वापरली. कीस्टोन पूर्ण बंद केली. सरकवूनही थोडा कल उरला, तो पडद्याभोवतीच्या काळ्या झालरीच्या आड घेतला. ही सूचना काकांची होती. नवा लॅम्प बसला, लेन्स साफ झाली, पडद्याजवळच्या भिंती आणि छताचा पुढचा भाग गडद चॉकलेटी झाला, दारांना जाड पडदे लागले. या साऱ्याचा खर्च 4के प्रोजेक्टरच्या एका लहानशा हिश्श्याएवढा आला.

पुन्हा मोजले तेव्हा मध्यावर 140 लक्स भरले, नव्या पडद्यावर 45 कॅंडेलाच्या जवळ. आणि झाकलेल्या प्रोजेक्टरला 0.3 लक्स. चाचणीचित्रातल्या रेघा सुट्या झाल्या. बाल्कनीतून तक्रार येणे थांबले. मात्र एक गोष्ट घडली जी आधीच ओळखता आली असती: आता स्टॉलच्या पुढच्या रांगांतून कुरकुर सुरू झाली. चित्र उजळ आणि धारदार झाल्यावर 5 मिलिमीटरचे पिक्सेल तेथून सरळ दिसू लागले. पूर्वी कीस्टोनने आणि मिठाने ते झाकून ठेवले होते. रिळावरचे कण दर चौकटीत वेगळ्या जागी पडतात म्हणून डोळा त्यांची सरासरी काढतो आणि त्यांना पोत समजतो. पिक्सेलची जाळी जागची हलत नाही, म्हणून ती खटकते. या रांगांसाठी 4केचा आग्रह रास्त आहे. तसेच रात्रीच्या दृश्यांत, धूर किंवा काळोखी आकाश असेल तेथे रंगांचे पट्टे आणि चौकोनी ठोकळे दिसतात, ते चित्र दाबून पाठवल्याचे परिणाम आहेत; काच, लॅम्प किंवा पडदा यांचा त्यांच्याशी संबंध नाही आणि आहे त्या सेवेवर नवा प्रोजेक्टर आणला तरी ते जाणार नाहीत. मालकांनी पुढच्या तीन रांगा तूर्त काढून टाकल्या आहेत. गणपतीच्या दिवसांत तेवढी तिकिटे बुडतात, हा त्यांचा हिशेब बरोबर आहे आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

केबिनमध्ये आता एक वही आहे. काका दर महिन्याला पांढरे चित्र टाकून लक्सचा आकडा लिहितात, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला हॉलच्या बाजूने काच पुसतात. डीसीआयच्या मानकात थेटरांना 14 फूट-लॅंबर्टच्या खाली-वर 3 ची सूट आहे. त्या हिशेबाने 120 लक्सच्या खाली आकडा गेला की लॅम्प बदलायचा असे ठरले आहे. मे महिन्यातली नोंद 121 ची होती. मालकांचे म्हणणे, लॅम्प गणपतीपर्यंत ओढावा. काकांचे म्हणणे, जूनमध्येच बदलावा, कारण गणपतीच्या गर्दीत लॅम्प बदलायला वेळ मिळणार नाही आणि नवा लॅम्प मुंबईहून मागवायचा तर पावसात घाट कधी बंद पडेल याचा नेम नाही. मी काकांच्या बाजूने मत दिले आहे.